केमोच्या दिवशी कोणता डाव? पत्ते, ऊनो, ल्यूडो आणि केसांचा ब्रश

आधी निकाल. केमोच्या, म्हणजे कॅन्सरच्या औषधाची सलाईन घ्यायच्या दिवशी पिशवीत एकच खेळ टाकायचा असेल, तर पूर्ण प्लास्टिकच्या पत्त्यांचा एक कॅट आणि पत्ते उभे करायची पट्टी एवढंच न्या. ऊनो दुसऱ्या क्रमांकावर. लोहचुंबकाचा ल्यूडो घरी ठेवा. खोक्यावर ‘स्मरणशक्ती वाढवा’ असं छापलेलं काहीही दुकानातच राहू द्या. यातली बरीच कारणं खेळात नाहीत, सुई, सलाईन आणि औषधांच्या स्वभावात आहेत, म्हणून जरा तपशिलात जावं लागेल.

एरवी खेळ विकत घेताना आपण नियम, टिकाऊपणा आणि किंमत बघतो. इथे पहिला प्रश्न असा की एका हाताने खेळता येतो का. ज्या हातात इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत बसवलेली सलाईनची सुई आहे तो हात शांतच राहिला पाहिजे. लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, किंवा व्हिन्क्रिस्टिनसारखं औषध शिरेबाहेर झिरपलं तर तिथली त्वचा आणि खालचा थर जळतो. त्या हाताने पत्ते पिसणं, वाकून सोंगटी सरकवणं, टाळी देणं, सगळं बंद. सुईपाशी जळजळ, सूज किंवा दुखणं जाणवलं तर हातातली पानं टाकून लगेच सिस्टरला हाक मारायची. ‘एवढा हात संपू दे’ म्हणायचं नाही. छातीत पोर्ट, म्हणजे औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली छोटी डबी असेल तर दोन्ही हात मोकळे असतात आणि अर्धे प्रश्न सुटतात.

दुसरा प्रश्न: कुठल्याही क्षणी थांबवता येतो का? तिसरा: बहुतेक डे-केअरमध्ये, म्हणजे केमो देऊन त्याच दिवशी घरी सोडणाऱ्या वॉर्डात, पेशंटबरोबर एकच नातेवाईक आत सोडतात, मग दोघांत रंगतो का? बाजूच्या खुर्चीवरचा माणूस झोपलेला असतो, म्हणून आवाज नको, आणि पुसता आला पाहिजे. या चाळणीतून निम्मं दुकान गळतं.

खेळायचं कधी, हे लोक हमखास चुकतात. सलाईन लागलं की डाव मांडायचा असं घरून ठरवून येतात आणि पंधरा मिनिटांत पेशंट घोरायला लागतो. पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधाआधी ॲलर्जी होऊ नये म्हणून एव्हिल आणि स्टेरॉइड देतात. एव्हिलने डोळे मिटतात. हातात पानं आहेत आणि मान खाली गेली आहे, हे दृश्य डे-केअरमध्ये रोजचं आहे. शिवाय पॅक्लिटॅक्सेल सुरू झाल्यावरची पहिली पंधरा-वीस मिनिटं सोबतच्या माणसाने पेशंटकडे बघायची असतात. चेहरा लाल होणं, छाती आवळल्यासारखी वाटणं, दम लागणं, अचानक पाठ दुखणं, यातलं काही दिसलं तर तत्काळ सांगायचं. त्या वेळात इस्पिकची राणी कुठे गेली याचा हिशोब करत बसू नये.

खेळाची खरी वेळ त्याच्या आधीची. रक्ताचा रिपोर्ट येणं, डॉक्टरांचा होकार, बिल, औषध तयार होणं, खुर्ची रिकामी होणं. आठवड्याचं पॅक्लिटॅक्सेल साधारण तासाभरात संपतं, तीन आठवड्यांचं तीन तासांत, ऑक्झॅलिप्लॅटिन दोन तासांत. पण त्याआधीची वाट बघणं कित्येकदा याहून लांबतं. त्या वेळात दोन्ही हात मोकळे असतात, डोकं जागं असतं आणि धाकधूकही सर्वांत जास्त असते. म्हणून बाकड्यावर शेजारी-शेजारी बसून, मांडीवरच्या फाइलवर खेळता येणारा खेळ टेबल लागणाऱ्या खेळापेक्षा कधीही बरा. सिस्टरने नाव पुकारलं की पानं गोळा, वाद नाही.

आता कॅट. बाजारात तीन प्रकार मिळतात: साधा कागद, कागदावर प्लास्टिकचा थर, आणि पूर्ण पीव्हीसी. पहिला प्रकार ओल्या हाताने दोन दिवसांत फुगतो. दुसरा फसवा आहे. वरून गुळगुळीत दिसतो, पण कडा उघड्या असतात आणि सॅनिटायझर कडेतून आत शिरला की पान पोळीसारखं फुगतं. पूर्ण पीव्हीसीचा कॅट दीडशे ते चारशे रुपयांत मिळतो आणि सगळे उपचार संपेपर्यंत टिकतो. घेताना तीन गोष्टी बघा. रुंदी ५७ मिलिमीटरची घ्या, ६३ची नको. एका हातात पंखा धरायला तो सहा मिलिमीटरचा फरक जाणवतो. कोपऱ्यातले आकडे मोठे हवेत, कारण स्टेरॉइडमुळे काहींना अधूनमधून धूसर दिसतं आणि वॉर्डातला ट्यूबलाइट कुणावर मेहेरबान नसतो. आणि पान अगदी चकचकीत नको, बारीक खरबरीत पोताचं हवं. चकचकीत पीव्हीसी बोटांतून निसटतं आणि हातातली सगळी पानं जमिनीवर पसरतात. वॉर्डातल्या जमिनीवर पडलेली पानं पुन्हा हातात घेण्याआधी पुसायची.

नव्या पीव्हीसीला वास असतो आणि इथे तो मोठा दोष आहे. केमोत नाक तीक्ष्ण होतं, एरवी न जाणवणाऱ्या वासानेही उमळतं. कॅट चार दिवस आधी फोडा, कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून ओल्या फडक्याने पानं पुसा, पंख्याखाली पसरा. सॅनिटायझरने रोज घासलं तर लाल रंग आधी फिकटतो आणि बदाम-चौकट ओळखू येईनासे होतात. तसंही पानं पुसण्यापेक्षा खेळणाऱ्यांनी हात धुणं जास्त कामाचं.

आणखी एक सल्ला, जो खोक्यावर छापलेला नसतो: हॉस्पिटलचा कॅट वेगळा आणि घरचा वेगळा ठेवा. केमोच्या दिवशी खाल्लेल्या आवडत्या पदार्थाची पुढे शिसारी बसते, हे घरोघरी माहीत असतं. वस्तूंचंही तेच होतं. वॉर्डात वापरलेला कॅट घरी नुसता दिसला तरी काहींच्या पोटात ढवळतं. उपचार संपले की तो टाकून द्यायचा, आठवण म्हणून जपायचा नाही.

पत्ते उभे करायची पट्टी म्हणजे खाच पाडलेली लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी, २५ ते ३५ सेंटिमीटर लांब. पानं त्यात उभी राहतात, हात मोकळा राहतो. सरळ पट्टीपेक्षा किंचित वळलेली चांगली, शेजाऱ्याला पानं दिसत नाहीत. खाच एक सेंटिमीटरपेक्षा उथळ असेल तर घेऊ नका, पंखा सुरू झाला की पानं आडवी होतात. पट्टी मिळाली नाही तर मोठा, चपटा केसांचा ब्रश पालथा न ठेवता काटे वर करून ठेवा आणि काट्यांच्या रांगांत पानं रोवा. तेरा पानं सहज उभी राहतात. बऱ्याच पेशंटच्या घरात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर हा ब्रश बेकारच पडलेला असतो, त्यामुळे तो पेशंटने स्वतः पिशवीतून काढला तर पहिला हशा तिथेच पिकतो. टकलावरचा पहिला विनोद मात्र पेशंटचाच असावा. त्याने सुरुवात केली की बाकीच्यांना मुभा. त्याआधी कुणी केला तर तो विनोद राहत नाही.

पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टिन यांनी काही सायकलनंतर, म्हणजे केमोच्या काही फेऱ्यांनंतर, बोटांची टोकं बधिर होतात. मग टेबलावर सपाट पडलेलं पान उचलणं हेच अवघड. त्यावर उपाय सोपा: खाली जाडसर टॉवेल घाला. पानाची कड दाबली की दुसरी कड वर येते. ‘थांब, मी देतो उचलून’ असं दर पानाला म्हणणाऱ्या प्रेमळ मुलापेक्षा हा टॉवेल फार बरा.

आता डाव. दोघांसाठी ‘सात-आठ’ला तोड नाही. ३० पानं, प्रत्येकी १५. एकाने आठ हात करायचे, दुसऱ्याने सात. हुकूम ठरला की दहा मिनिटांत डाव संपतो. ज्याचे हात कमी पडले त्याची पानं पुढच्या डावात ओढायची, आणि बाकड्यावरची सगळी गंमत या ओढण्यात आहे. बायको नवऱ्याच्या हातातून नेमका हुकमाचा एक्का ओढते, तेव्हा समोरच्या बाकड्यावरचे अनोळखी लोकही मान वळवतात. तिघं असतील तर ‘पाच-तीन-दोन’. तिथेही ३० पानं, प्रत्येकी दहा.

तीन ते पाच जणांत ‘बदाम सात’. वाटण्यापलीकडे कष्ट नाहीत, आठवायचं काही नाही, सगळं समोर मांडलेलं. फक्त जागा खातो. सगळी पानं ओळीने मांडली तर पलंगावरचं टेबल पुरत नाही. म्हणून प्रत्येक रंगाच्या तीनच चळती करा: मधे सत्ती, तिच्या वर अठ्ठीपासून राजापर्यंतची एकावर एक, खाली छक्कीपासून एक्क्यापर्यंतची. चार रंग शेजारी ठेवले की ५७ मिलिमीटरच्या पानांना साधारण २४ बाय २७ सेंटिमीटर जागा लागते, म्हणजे जेवणाच्या ट्रेवर डाव बसतो. सत्ती दाबून बसलेल्या माणसाला घरच्यांनी शिव्या घालणं हा या खेळाचा आत्मा आहे, आणि आठवडाभर फक्त ‘जेवलीस का, औषध घेतलंस का’ ऐकणाऱ्या बाईला कुणीतरी ‘सोड की ती किलवर सत्ती, दुष्ट बाई’ म्हणणं मोलाचं असतं. म्हणूनच मुद्दाम हरू नका. पेशंटला ते दुसऱ्याच डावात कळतं आणि मग खेळ उरत नाही, सेवा उरते.

‘गुलामचोर’ लहान मुलांसोबत उत्तम. एक गुलाम काढून ५१ पानं, जोड्या टाकायच्या, शेजाऱ्याचं पान ओढायचं. पट्टीतून पान ओढणं हातातून ओढण्यापेक्षा सोपं पडतं. तोंडावर मास्क असल्याने पेशंटचा चेहरा वाचता येत नाही, हा त्याचा हक्काचा फायदा, भरपूर उठवावा. ‘झब्बू’ आणि ‘चॅलेंज’ मात्र टाळा, निदान सुई असताना तरी. दोन्हींत हातात पंचवीस-तीस पानं येऊ शकतात, ती ना ब्रशमध्ये मावतात ना अशक्त बोटांत. ‘मेंढीकोट’ला चार भिडू आणि कोणाच्या दश्श्या गेल्या हे लक्षात ठेवणारं डोकं लागतं. तो घरी, पुढच्या सायकलच्या आधीच्या चांगल्या आठवड्यात.

विसरण्यावरून आठवलं. केमोत काहींना नावं आठवत नाहीत, आकड्यांची गफलत होते, बोलता-बोलता धागा सुटतो. अशा वेळी जोडीची चित्रं शोधायला लावणारे खेळ देणं म्हणजे परीक्षेला बसवणं. डॉबलही त्याच कारणाने बाद: ५५ गोल पानं, प्रत्येकावर आठ चित्रं, आणि कुठल्याही दोन पानांत एकच चित्र समान, जो आधी ओरडेल तो जिंकला. एव्हिल घेतलेला माणूस सात वर्षांच्या नातवापुढे इथे टिकत नाही, आणि फिरवून-फिरवून छापलेली चित्रं बघून मळमळ वाढते ती वेगळी. हिशोबाच्या खेळात गुण दुसऱ्याने लिहावेत.

ऊनो दीडशे रुपयांच्या आसपास मिळतो, मुलांना शिकवावा लागत नाही, आणि आजोबांना ‘अधिक चार’ देण्यातला आनंद कुठल्याही वयात समजतो. दोन दोष आहेत. एक, पानं उचलत गेलं की हातात मावेनाशी होतात. म्हणून घरचा नियम करा, दहाच्या वर पानं झाली की उचलणं बंद. दोन, पानं कागदी असतात. महिना-दोन महिने रोज खेळला की कडा मळतात. एक फायदा मात्र खास आहे. परळच्या टाटा हॉस्पिटलसाठी बाहेरगावाहून येणारी कुटुंबं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी उतरतात. अशा सामाईक जागी ५२ पत्ते म्हणजे जुगार असं कुणाला वाटू शकतं. आधी विचारून घ्या. ऊनो आणि सापशिडीला सहसा कुणी हरकत घेत नाही.

सापशिडी निव्वळ नशिबाची, म्हणून थकलेल्या डोक्याला चालते. शंभराजवळच्या मोठ्या सापावर पेशंट आपल्या रिपोर्टवरून जे बोलतात ते इथे लिहीत नाही, पण हसू येतं हे नक्की. फासा मात्र दर दोन मिनिटांनी खाली पडतो आणि वाकून शोधताना कुणाचा तरी पाय सलाईनच्या नळीत अडकतो. फासा झाकणाच्या पारदर्शक डबीत घालून डबीच हलवा. ल्यूडोलाही हीच युक्ती. लोहचुंबकाच्या घडीच्या ल्यूडोत १६ सोंगट्या तुरीच्या डाळीएवढ्या. बधिर बोटांना त्या लागतच नाहीत. त्यात पटाचा पत्रा एसीत गार पडतो. ऑक्झॅलिप्लॅटिननंतर काही दिवस गार वस्तूला हात लागला की झिणझिण्या येतात, गार पाण्याने घसा आवळल्यासारखा होतो. त्या पेशंटला पत्र्याचा पट देणं म्हणजे खेळात शिक्षा. काही ठिकाणी पॅक्लिटॅक्सेलच्या वेळी बधिरपणा टाळण्यासाठी बर्फाचे हातमोजे घालतात, तेव्हा हातांचा कुठलाच खेळ नाही, भेंड्याच.

फोनवरचं ल्यूडो किंग नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचं, २०१६चं. खासगी खोली उघडून तिचा संकेतांक घरच्यांना पाठवला की बाहेर थांबलेला भाऊ, नोकरीवरची मुलगी आणि आत खुर्चीतली आई एका पटावर येतात. एकच नातेवाईक आत, या नियमावर हा चांगला तोडगा. पण पाळीला वेळेची मर्यादा असते. सिस्टर बीपी घ्यायला आली की पाळी हुकते. जाहिराती मधेच वाजतात, म्हणून आवाज आधीच बंद करा. गाडीतून घरी जाताना फोन बघत खेळू नका, मळमळ वाढते.

घरी आल्यावरचं वेळापत्रक वेगळं. स्टेरॉइडमुळे त्या रात्री आणि कधी दुसऱ्या रात्रीही झोप उडते. रात्री दोनला टक्क जागं असणाऱ्यासाठी पलंगाशेजारी कॅट असू द्या. एकट्याने पानं लावत बसता येतं, जागं असलेलं कुणी रमीला बसतं. स्टेरॉइडने चिडचिडही होते, तेव्हा त्या रात्रीच्या भांडणाचा हिशोब धरू नये. औषध हळूहळू सोडणारा ४६ तासांचा पंप लावून घरी पाठवलं असेल तर मुलांना नळीच्या विरुद्ध बाजूला बसवा.

‘आजीजवळ बसलं तर औषध लागतं का’ हा प्रश्न मुलं विचारतात, मोठे मनात ठेवतात. जवळ बसणं, मिठी मारणं, एकाच कॅटने खेळणं सुरक्षित आहे. साधारण ४८ तास काळजी घ्यायची ती लघवी, शौच आणि उलटीची: झाकण लावून दोनदा फ्लश, पुसताना हातमोजे. उलट बाजूची काळजी जास्त महत्त्वाची. बऱ्याच औषधांत सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशींचे काउंट सर्वांत खाली असतात. शिंकणाऱ्या भिडूला त्या दिवसांत डावात घ्यायचं नाही, मग तो कितीही लाडका असो. आणि ताप १०० पॉइंट ४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर डाव तिथेच बंद. पॅरासिटामॉल देऊन वाट न बघता थेट हॉस्पिटलला फोन.

हसण्याचीही थोडी तयारी लागते. पोटाच्या ऑपरेशननंतर केमो सुरू असेल तर मांडीवर उशी ठेवा आणि हसू आलं की टाक्यांवर दाबून धरा. तोंड आलं असेल तर आधी ओठांना व्हॅसलीन लावा, जबडा ताणून हसलं की कोपरे फाटतात.

हरणाऱ्याला शिक्षा हवीच, नाहीतर डावात दम राहत नाही. सर्वांत उपयोगी ठरलेली शिक्षा अशी: त्या दिवशीचे चौकशीचे सगळे फोन हरलेल्याने घ्यायचे. ‘आमच्या ओळखीत एकांना अगदी असंच झालं होतं’ इथून सुरू होणारे आणि गोमूत्रापर्यंत पोहोचणारे फोन पेशंटपासून दूर राहतात, आणि बदाम सात किती जिवावर उदार होऊन खेळला जातो ते बघण्यासारखं असतं.

परदेशातल्या भावंडांना वेळेच्या फरकामुळे सोबत पत्ते खेळता येत नाहीत. पुण्यात सकाळचे दहा म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात रात्रीचे साडेबारा, हिवाळ्यात साडेअकरा. त्यांच्यासाठी व्हॉट्सॲपवर आवाजाचे निरोप पाठवून गावांच्या भेंड्या. घड्याळाची घाई नाही, सुई कुठल्या हातात आहे याने फरक पडत नाही, आणि नाशिकवरून कराड, कराडवरून डहाणू असा प्रवास पुढच्या सायकलपर्यंत चालतो. नियम आधी ठरवा: ‘ण’ आला तर ‘न’ चालेल, ‘ळ’ला ‘ल’. आणि वाड्या-वस्त्या चालणार की फक्त तालुके, हेही. गटात एक जरी कोकणातला असेल तर वाड्या बंदच करा, नाहीतर दर खेपेला त्याची एक नवी वाडी निघते आणि बाकीचे ‘ड’वर डोंबिवली संपवून बसतात.